नाही म्हणता न येणाऱ्या मुलाची गोष्ट

बयो, तू 'द स्ट्रेंज लायब्ररी' एका बैठकीत संपवलंस आणि लगेच मेसेज टाकलास, "ताई, चित्रं भारी आहेत, पण यातून घ्यायचं काय?" दोन ओळींत उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. हारुकी मुराकामीच्या सगळ्या पुस्तकांत माझा सगळ्यात जास्त जीव या चिमुकल्या पुस्तकावर आहे. शंभराच्या आत पानं, त्यातही निम्मी चित्रांनी भरलेली. त्याच्या जाडजूड कादंबऱ्या वाचणारे लोक हे पुस्तक हातात घेतात, चाळतात आणि गंमत म्हणून बाजूला ठेवतात. तू तसं करू नयेस असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

पहिलं सांगते. ते 'घ्यायचं काय' जरा बाजूला ठेव. धडा संपला की खाली प्रश्न आणि प्रश्न संपले की तात्पर्य, ही आपली शाळेपासूनची सवय. मेंढी-माणूस म्हणजे कोण, काळा कुत्रा कशाचं प्रतीक, सुटका नेमकी अमावास्येलाच का, अशी यादी करून उत्तरं शोधत बसलीस तर हाती काहीच लागायचं नाही. मुराकामीने इथे कुलूप घालून किल्ली लपवलेली नाही. त्याने एक स्वप्न जसंच्या तसं समोर ठेवलंय, आणि स्वप्नात जे खरं असतं तेच इथेही खरं आहे: भीती. पण ती कशाची भीती आहे हे नीट पाहायला हवं. बहुतेकांना वाटतं, मेंदू खाणाऱ्या म्हाताऱ्याची. मला नाही तसं वाटत.

सुरुवात आठव. शाळेतून घरी जाता जाता एक मुलगा गावातल्या लायब्ररीत शिरतो. वाचून झालेली दोन पुस्तकं परत करायची आहेत, एक पाणबुडी कशी बांधावी याचं आणि दुसरं एका मेंढपाळाच्या आठवणींचं. दोनच नावं, पण त्यांतून पोरगा कळतो की नाही? ज्याला कशाचंही कुतूहल वाटू शकतं असा. पायात नवे कातडी बूट, त्यांचा फरशीवर टकटक आवाज. काउंटरवर नेहमीची बाई नाही, दुसरीच कोणी बसलीय. तिच्यापुढे जाडजूड पुस्तक उघडं आहे, आणि डावं पान ती डाव्या डोळ्याने वाचतेय, उजवं पान उजव्या डोळ्याने. मुलगा म्हणतो, अजून एक पुस्तक हवंय. ती त्याला खाली पाठवते, 107 नंबरच्या खोलीत. या लायब्ररीला तळघर आहे हेच त्याला ठाऊक नसतं. तरी तो जातो.

खोलीत एक टकलू म्हातारा बसलाय, जाड भिंगांचा चष्मा, तोंडावर माशा बसल्यासारखे काळे डाग. तो विचारतो, काय हवंय? मुलगा सांगतो, ऑटोमन साम्राज्यात कर कसे गोळा करायचे त्याचं पुस्तक. हा प्रश्न त्याच्या डोक्यात असाच, शाळेतून येताना आलेला आहे. आणि आईने शिकवलंय, एखादी गोष्ट माहीत नसेल तर लायब्ररीत जाऊन शोध. म्हणजे बघ, तो तळघरात पोचतो तो वांडपणा करून नाही. शहाण्या मुलासारखं वागून पोचतो.

आता हा प्रसंग परत काढून वाच, कारण सगळी गोष्ट इथे आहे. म्हातारा तीन जाडे ग्रंथ आणून टाकतो. एक करपद्धतीवर, एक कर वसूल करणाऱ्याची रोजनिशी, एक करांविरुद्धच्या बंडांवर आणि ती कशी मोडली त्यावर. मुलाला खरं तर निघायचं असतं. उशीर होतोय, आई वाट बघत असेल. तो पुस्तकं घरी नेण्याबद्दल बोलतो, तर कळतं की ही पुस्तकं बाहेर न्यायची नाहीत, इथेच वाचायची. मग तो हळूच सांगू बघतो की आज राहू दे. आणि म्हातारा चिडतो. एवढे कष्ट घेऊन तुझ्यासाठी पुस्तकं शोधून आणली आणि तू निघालास? झालं. मुलगा वरमतो, म्हणतो थोडा वेळ वाचतो, आणि त्याच्या मागून चालू लागतो. आपल्याला कोणाला स्पष्ट नाही म्हणणं कधी जमतच नाही, हे तो वाचकाला सरळ सांगतो.

बयो, पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक जागा ही आहे. करवत नाही, पायात अडकवलेली लोखंडी बेडी नाही, कुत्राही नाही. कोणी त्याला ओढून नेलेलं नाही, कोणी मानेवर सुरी ठेवलेली नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून तो आपल्या पायांनी खाली उतरलाय. प्रत्येक दाराशी त्याला आतून कळतंय की परतावं, आणि प्रत्येक दाराशी तो सभ्यपणे पुढे जातोय.

पुढे चक्रव्यूह लागतो, काळोखे बोळ, फाटे, जिने. त्यात चालताना तो मुलगा कसला विचार करतो आठवतंय? की सार्वजनिक लायब्ररीकडे तर पैशाची कायम चणचण असते, मग तिच्या पोटात एवढा मोठा चक्रव्यूह बांधायला खर्च कुठून आला! मला ती जागा फार आवडते. जिवावर बेतलेलं असताना मन असल्या बारीक हिशेबात घुसतं, हे अगदी खरं आहे. स्वप्नात आपण असेच वागतो. दारात राक्षस उभा असतो आणि आपल्याला काळजी लागलेली असते ती चपला कुठे काढल्या त्याची.

मग ती कोठडी. मेंढीचं कातडं पांघरलेला माणूस त्याला आत घालतो आणि खरा बेत सांगतो. महिनाभरात तिन्ही पुस्तकं तोंडपाठ करायची. झाली की म्हातारा डोक्याची वरची चकती करवतीने कापणार आणि मेंदू खाणार, कारण ज्ञानाने ठासून भरलेला मेंदू चवीला छान, मऊ लागतो. मुलगा हादरून विचारतो, असं सगळ्याच लायब्ररीत चालतं का? मेंढी-माणूस म्हणतो, थोड्याफार फरकाने सगळीकडे असंच. ज्ञान नुसतं फुकट वाटत बसले तर त्यांना काय मिळणार?

हे वाचताना मला आपली 'म्हातारी आणि भोपळा' आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही खाणाऱ्याला थांबवायचं असतं आणि थांबण्याचं कारण तेच, आधी अंगाने भरू दे, मग खा. पण फरक बघ. आपली म्हातारी ती अट स्वतः घालते. वाघ समोर उभा असताना तिच्या तोंडून 'आत्ता नको' निघतं, आणि त्या 'आत्ता नको'वर ती लेकीच्या घरी जाऊन धडधाकट परत येते. इथे अट खाणाऱ्याने घातलीय आणि मुलगा मुकाट मान डोलावतो. 'आत्ता नको' म्हणायला त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

आणि घोकंपट्टीचं तर तुला मी काय सांगू! दहावी-बारावीला आपण जे केलं ते याहून वेगळं होतं का? डोक्यात भर, ठरलेल्या दिवशी कोणीतरी येऊन ते काढून घेणार. पण मुराकामी इथेच थांबला असता तर पुस्तक नुसती टीका होऊन बसलं असतं. तो पुढची गोष्ट दाखवतो आणि तिथे मी त्याच्यापुढे हात जोडते. मुलगा त्या कोठडीत कर वसूल करणाऱ्याची रोजनिशी उघडतो, आणि वाचता वाचता स्वतःच तो माणूस होऊन जातो. कमरेला तलवार लावून इस्तंबूलच्या रस्त्यांवरून कर गोळा करत फिरतो. पायात बेडी तशीच आहे, महिन्याने मरण आहे, आणि तरी वाचण्याचं सुख खोटं ठरत नाही. लायब्ररीने त्याला फसवलं असेल, पुस्तकाने फसवलं नाही. वाचनावर जीव असल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

आता त्या तळघरातल्या माणसांकडे बघ. मेंढी-माणूस मनाने चांगला आहे, गरम गरम डोनट तळून देतो, मुलाशी हळव्या आवाजात बोलतो. पण कुलूप तोच लावतो, कारण म्हातारा त्याला छडीने फोडून काढतो. रोज जेवण घेऊन येणारी ती सुंदर मुलगी, तिचा आवाजच लहानपणी हिरावून घेतलाय. ती हातांनी बोलते. आणि हा मुलगा, ज्याच्या गळ्यात आवाज आहे पण 'नाही' नाही. तिघंही भले, तिघंही कैदी, आणि तिघांच्याही तोंडून नकार निघत नाही. म्हाताऱ्याला पहारेकरी लागत नाहीत ते यामुळे. शेवटी तो काळा कुत्रा दात विचकून वाट अडवतो तेव्हा कोण धावून येतं? मुलाचा पाळीव स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या कुळातला इवलासा पक्षी. तो कुत्र्याच्या जबड्यात असतानाच फुगायला लागतो, बैलाएवढा होतो, आणखी मोठा होतो, आणि मुलाला त्या मुक्या मुलीचा आवाज ऐकू येतो. दडपून ठेवलेला आवाज एकदा मोठा व्हायला लागला की त्याच्यापुढे म्हाताऱ्याचं काही चालत नाही. हे माझं वाचन आहे, तुझं वेगळं असू शकेल. पण या पुस्तकात एवढ्या मोकळ्या जागा ठेवल्यात त्या आपापल्या वाचनासाठीच.

चित्रांबद्दल तू एका शब्दात 'भारी' म्हणून मोकळी झालीस, पण तिथे जरा थांब. या गोष्टीला एकच अंगरखा नाही. ती आधी 1982 मध्ये जपानी मासिकात क्रमशः आली, पुढच्या वर्षी 'कांगारू बियोरी' या संग्रहात. मग मुराकामीने ती नव्याने लिहिली आणि 2005 मध्ये सासाकी माकी या चित्रकाराच्या चित्रांसह वेगळं पुस्तक निघालं. हा सासाकी म्हणजे मुराकामीच्या अगदी पहिल्या कादंबरीच्या, 1979 च्या, मुखपृष्ठापासून त्याच्या सोबत असलेला माणूस. त्याची रेषा साधी, लहान मुलांच्या पुस्तकातली वाटावी अशी. त्याचा मेंढी-माणूस बघून कोणालाही त्याला जवळ घ्यावंसं वाटेल. मग जर्मनीत काट मेन्शिक या चित्रकर्तीने तीच गोष्ट काढली, आणि तिची चित्रं गडद, बारकाव्यांनी भरलेली, अंगावर येणारी. जपानमध्ये 2014 मध्ये तीही आवृत्ती निघाली.

इंग्रजी भाषांतर टेड गूसनचं, तेही 2014 चं. ब्रिटिश आवृत्ती सुझॅन डीनने सजवली, त्यात लंडन लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांमधली चित्रं आणि कव्हरवर लायब्ररीचं कार्ड ठेवायचा कप्पा. अमेरिकन आवृत्ती, म्हणजे तुझ्या हातात आहे ती, चिप किडची. 'जुरासिक पार्क' कादंबरीच्या कव्हरवरचा डायनोसॉरचा सांगाडा ज्याने केला तोच हा. किडने काय केलंय ते नीट बघ. कव्हर बाजूला उघडत नाही, वर आणि खाली उलगडावं लागतं. म्हणजे गोष्टीत शिरण्याआधीच तुला काहीतरी उचकटून आत जावं लागतं. आणि आतली चित्रं इतक्या जवळून कापलीत की क्षणभर कळत नाही आपण काय बघतोय.  घाबरलेल्या माणसाला असंच दिसतं: पूर्ण खोली दिसत नाही, एक डोळा दिसतो, एक दात दिसतो. चित्रांनी गोष्ट समजावून सांगायची असा आपला समज असतो. किड ती समजावत नाही, तो आपल्याला त्या मुलाची नजर देतो. शब्द वाचून झाल्यावर पान उलटायची घाई करू नकोस. समोरचं चित्र काय आहे ते ओळखायला लागेपर्यंत बघ.

आता थोडं अवघड बोलते. तो शेवट.

मुलगा पहाटे घरी पोचतो. बूट तळघरातच राहिलेत. टाचा वाजू नयेत म्हणून ते काढून पळावं लागलं, आणि ते आईने दिलेले. त्याला वाटत असतं की आई रडून बेजार झाली असेल, ओरडेल, हजार प्रश्न विचारेल. आई न्याहारी करतेय. काहीच विचारत नाही. इतकंच की तिचा चेहरा नेहमीपेक्षा जरा उदास दिसतो. पक्ष्याचा पिंजरा रिकामा आहे. आणि मग सगळ्यात शेवटी एक छोटासा परिच्छेद येतो, ज्यात तो सांगतो की गेल्या मंगळवारी आई गेली, कसल्याशा आजाराने, आणि आता तो अगदी एकटा आहे.

तू म्हणालीस ना, "हे मध्येच कुठून आलं?" बऱ्याच जणांना तसंच वाटतं. मला वाटतं की ते मध्येच आलेलं नाही, ते पहिल्यापासून तिथे होतं. हा मुलगा लहान असताना त्याला एका मोठ्या काळ्या कुत्र्याने चावलं होतं आणि तेव्हापासून त्याची आई त्याच्यासाठी धास्तावलेली असते. तळघरात त्याला स्वतःच्या मेंदूची जितकी काळजी नाही तितकी आईच्या काळजीची काळजी आहे. ती वाट बघत असेल, तिचं डोकं फिरेल, पक्ष्याला दाणापाणी कोण घालेल. सगळं पुस्तकभर तो एकाच माणसाकडे परत जायला धडपडतो, आणि शेवटी ते माणूसच राहत नाही. शेवटच्या परिच्छेदानंतर पुन्हा पहिल्या पानावर जा. मग तळघर निराळं दिसायला लागतं. आई गेल्यावर रात्री दोन वाजता जागा असलेला कोणीतरी ही सगळी गोष्ट आपल्याला सांगत होता, हे तेव्हा लक्षात येतं. दुःख सरळ सांगता येत नाही तेव्हा माणूस मेंढी-माणसाची आणि डोनटची गोष्ट सांगतो. ही गोष्ट विचित्र आहे ती वाचकाला चकवण्यासाठी नाही. सरळ शब्दांत हे दुःख त्याला झेपलं नसतं, म्हणून ती अशी आहे.

म्हणूनच एक सांभाळ. हे पुस्तक चित्रांचं आहे म्हणून दहा-अकरा वर्षांच्या भाच्याच्या हातात एकटं देऊन टाकू नकोस. द्यायचं तर शेजारी बसून वाच, आणि शेवटच्या पानाला उठून जाऊ नकोस. आणि ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्याला तर आत्ता देऊच नकोस, काही महिने जाऊ देत. नंतर कदाचित हेच पुस्तक त्याला धीर देईल.

पुस्तकावर जे आक्षेप घेतात तेही सांगते, म्हणजे मी आंधळ्या प्रेमाने बोलतेय असं तुला वाटायला नको. लोक म्हणतात, एक कथा मोठी करून महागड्या पुस्तकाच्या किमतीला विकली. मला तसं वाटत नाही; चित्रं काढून टाकली तर वाचायला लागणारा वेळ निम्म्यावर येईल, पण धाकही निम्म्यावर येईल. दुसरा आक्षेप मला पटतो. ती मुकी मुलगी. ती येते, जेवण ठेवते, धीर देते आणि नाहीशी होते. तिचा गळा कोणी आणि का उद्ध्वस्त केला, तिला स्वतःला काय हवंय, हे पुस्तक विचारत नाही. मुराकामीच्या पुष्कळ पुस्तकांत अशा मुली आहेत, ज्या नायकाला वाट दाखवण्यापुरत्या येतात. तू बाई म्हणून वाचतेयस, तुला हे खटकणारच, आणि खटकू दे. आवडत्या पुस्तकातलं खटकणारं दिसलं म्हणून प्रेम कमी होत नाही.

आता, ज्यासाठी खरं तर मी हे पत्र लिहायला बसले ते. तुला मी लहानपणापासून ओळखते. तू त्या मुलासारखी आहेस. शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या टेबलावर कोणी काम आणून ठेवलं आणि म्हटलं, "तुझ्याशिवाय कोणाला जमणार," की तू पर्स खाली ठेवतेस. नात्यातलं कोणी म्हणालं, "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं," की तू मान खाली घालून हो म्हणतेस, मग गोष्ट स्थळ बघण्याची असो की पैसे देण्याची. त्यात तुला कोणी वाईट दिसत नाही, कारण सगळे गोड बोलतात. आणि घरच्यांनी तुझं कौतुकही याच गुणाचं केलं, पोर किती समजूतदार. समजूतदारपणा वाईट नाही गं. पण 107 नंबरच्या खोलीतला म्हातारा समजूतदार मुलांच्याच वाटेवर बसलेला असतो.

त्याचं बोलणं ओळखायला शीक. तो आधी काही तरी करतो, जे तू मागितलेलं नसतं किंवा जेवढं मागितलं त्याच्या तिप्पट असतं. मग ते केल्याचा हिशेब मांडतो. आणि मग तू निघायचं नाव काढलंस की दुखावतो. हे तीन एकापाठोपाठ एक आले की पायऱ्यांवरच थांब. तिथे थांबणं सोपं असतं. त्या मुलालाही पहिल्या दाराशी "उद्या येतो" एवढं म्हणून सुटता आलं असतं. कोठडीत गेल्यावर मात्र अमावास्येची वाट बघावी लागली आणि आईने दिलेले बूट सोडून पळावं लागलं. उशिरा दिलेल्या नकाराची किंमत नेहमीच जास्त असते. म्हणून लवकर दे, छोटा दे. भांडायची गरज नाही, कारणं द्यायचीही नाही. "आज नाही जमणार" एवढं वाक्य पुरेसं असतं. ते म्हटल्यावर समोरचा जो चेहरा करेल तो सहन करायची सवय मात्र लावून घ्यावी लागते, कारण खरी परीक्षा त्या चेहऱ्याची असते.

आणि कधी तू मेंढी-माणसाच्या जागी असशील तर तेही ओळख. आपण चांगले असतो, डोनटही देतो, पण वरच्याच्या धाकाने कुलूप आपण लावतो. नवीन आलेल्या मुलीला "इथे असंच असतं" म्हणून सांगणारी तू होऊ नकोस. मेंढी-माणसाला मी माफ करते कारण शेवटी तो मुलाबरोबर पळायला तयार झाला. भीती गेली म्हणून नाही. तो भीतीसकट निघाला.

पुस्तक आवडलं असेल तर पुढचं वाचायला सुचवते. मेंढी-माणूस 1982 च्याच 'अ वाइल्ड शीप चेस'मध्येही भेटतो, नंतर 1988 च्या 'डान्स डान्स डान्स'मध्ये. लायब्ररी आणि आई या दोन्ही गोष्टी मोठ्या पटावर हव्या असतील तर 2002 चं 'काफ्का ऑन द शोअर' घे. घरातून पळालेला पंधरा वर्षांचा मुलगा तिथे एका खासगी ग्रंथालयात आसरा घेतो. आणि तुला ऐकून बरं वाटेल, टोकियोत वासेदा विद्यापीठात 2021 पासून मुराकामीच्या नावाची लायब्ररी आहे, केंगो कुमा या वास्तुकाराने घडवलेली. तिथेही पुस्तकांच्या भिंतींमधून जिना खाली तळघरात उतरतो, पण खाली कोठडी नाही. कॅफे आहे, आणि मुराकामीच्या लिहायच्या खोलीची हुबेहूब प्रतिकृती आहे. जमलं तर कधी तरी दोघी जाऊ.

तोवर पुस्तक परत करायची घाई नको. या वेळी रात्री वाच, एकटीने, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मुलगा प्रत्येक दाराशी पोचला की थांब आणि स्वतःला विचार, इथे मी काय म्हटलं असतं? आणि पुढच्या रविवारी घरी येशील तेव्हा मला एवढंच सांग, वाचताना त्या टकलू म्हाताऱ्याला तू कोणाचा आवाज दिलास. नाव सांगितलं नाहीस तरी चालेल. त्या माणसाला पहिला छोटा नकार काय द्यायचा, कसा द्यायचा, ते आपण दोघी बसून ठरवू.

तुझी,
ताई